जलतरण तलावात पहिल्यांदा उतरताना : पोशाख आणि स्वच्छतेचे शिष्टाचार

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात आणि त्याच सुमारास जलतरण तलावांच्या उन्हाळी बॅचची चौकशी सुरू होते. उत्तर अंबाझरी मार्गावरील नागपूर सुधार प्रन्यासच्या तलावासारखा सार्वजनिक तलाव असो, एखाद्या क्लबचा असो, किंवा बेसा, मनीषनगर, वर्धा रोड या भागांतल्या नव्या गृहसंकुलांमधला असो, तेथे प्रथमच येणाऱ्यांपैकी अनेकजण गावच्या विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेले असतात आणि उरलेल्यांना पोहणे मुळीच येत नसते. विहिरीवर अंगात काय घातले आहे, हे कोणी विचारत नाही. तलावावर मात्र टोपी नाही म्हणून दारातून परत पाठवले जाते आणि त्याचे कारण सांगायला सहसा कोणाला सवड नसते. ही कारणे एकदा समजली की नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करू.

हे पाणी रोज बदलत नाही

पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा मध्यम तलावात ३ लाख ७५ हजार लिटर पाणी मावते. एवढे पाणी रोज सोडून देणे आणि रोज नव्याने भरणे पेंचच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या शहराला परवडणारे नाही आणि कोणताही तलाव तसे करतही नाही. पाणी कडेच्या जाळीतून किंवा नालीतून पंपाकडे जाते, वाळूच्या फिल्टरमधून गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते आणि तेच पाणी पुन्हा तलावात येते. सकाळी सहाच्या बॅचमध्ये कोणी अंगावरून जे काही पाण्यात सोडले, ते संध्याकाळच्या बॅचला गाळून का होईना, पण भेटतेच.

पाण्यात मुक्त क्लोरीन साधारणपणे दर लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजेच १ ते ३ पीपीएम, आणि सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच) ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा, असा संकेत आहे. या प्रमाणात बहुतेक जिवाणू काही मिनिटांत मरतात. मात्र घाम, लघवी, तेल आणि प्रसाधने यांच्यावर क्लोरीन खर्ची पडले की जंतू मारायला ते कमी उरते. त्यातच घाम आणि लघवीतील नत्रयुक्त द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. तलावावर येणारा उग्र वास आणि डोळ्यांची आग बहुतांशी याच संयुगांमुळे असते. म्हणजे ‘क्लोरीन जास्त टाकलंय’ अशी जी तक्रार हमखास ऐकू येते, तिचा खरा अर्थ पुष्कळदा ‘आज लोक आंघोळ न करता उतरले आहेत’ असा असतो. नागपूरच्या उघड्या तलावांची अडचण तर दुहेरी आहे : कडक उन्हाने पाण्यातले क्लोरीन झपाट्याने उडते आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना येणारा प्रत्येकजण घामाने निथळत येतो. मे महिन्यातली संध्याकाळची बॅच ही पाण्याची सर्वांत कठीण परीक्षा असते.

नाव नोंदवण्यापूर्वी

बहुतेक सार्वजनिक तलावांवर नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात. ओळखीच्या दवाखान्यातून न तपासताच ते लिहून आणण्याची पद्धत सोडून द्यावी आणि त्वचा, कान व डोळे खरोखर तपासून घ्यावेत, कारण नायटा, पायाच्या बोटांमधील चिखल्या, वाहणारा कान आणि डोळे येणे हे विकार तलावाच्या परिसरात एकमेकांना सहज लागतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती, ती पुष्कळांच्या लक्षात असेल. अशा दिवसांत शुल्क भरलेले आहे म्हणून लाल डोळ्यांनी तलावावर जाणे हा निव्वळ दुसऱ्यांवरचा अन्याय आहे.

जुलाब झालेल्या व्यक्तीने तर पाण्यात उतरूच नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जिवंत राहतो, आणि त्याची लागण झालेल्यांनी जुलाब थांबल्यावरही पुढचे दोन आठवडे तलाव टाळावा, असे सांगितले जाते. उघडी जखम, ताजे गोंदण किंवा नुकतेच टोचलेले कान-नाक असल्यासही ते पूर्ण भरेपर्यंत थांबावे. जखमेवरची पट्टी पाण्यात सुटते आणि ती कोणाच्या तरी हाताला लागते, हा अनुभव तलावावर नवा नाही.

पोशाख

पोशाखाची पहिली अट अशी की तो केवळ पोहण्यासाठीच वापरात असावा. दिवसभर घातलेल्या हाफ पँटवर घाम, धूळ आणि पेट्रोल पंपावरचे शिंतोडे असे सर्व काही असते. तिच्यासह पाण्यात उतरणे म्हणजे कपडे धुण्याचे काम सार्वजनिक तलावावर सोपवणे होय. दुसरी अट कापडाची आहे. सुती कापड पाणी शोषून जड होते, पोहणाऱ्याला खाली ओढते, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो. म्हणून सुती बनियन, सुती चड्डी, टी-शर्ट, जीन्स आणि रोजची अंतर्वस्त्रे तलावावर चालत नाहीत. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, अंगाला बसणारे, लवकर वाळणारे कापड योग्य ठरते.

पुरुषांसाठी अंगाला घट्ट बसणारी पोहण्याची चड्डी किंवा गुडघ्यापर्यंतची जॅमर उत्तम. ढगळ, खिशांची बरमुडा काही ठिकाणी चालवून घेतात. परंतु खिशांत हवा भरून ती फुगते, आणि खिशात राहिलेली चिल्लर, बसची तिकिटे व क्वचित खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी तळाशी जाऊन बसते. चड्डीच्या आत रोजचे अंतर्वस्त्र घालू नये, कारण पोहण्याच्या चड्डीला आतून अस्तर असते ते त्यासाठीच. नाडी बांधून टोके आत खोचावीत. पांढरा किंवा फार फिकट रंग ओला झाल्यावर पारदर्शक होतो, हे दुकानात लक्षात येत नाही, म्हणून गडद रंगच घ्यावा.

स्त्रियांसाठी पर्याय अधिक आहेत आणि संकोचही त्यांच्याच वाट्याला अधिक येतो, म्हणून येथे जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे. एकसंध कॉस्च्युम, मांड्या झाकणारा गुडघ्यापर्यंतचा लेगसूट, पूर्ण बाह्यांचा व घोट्यापर्यंतचा पोशाख, आणि त्याला जोडून डोके झाकणारी टोपी, हे सर्व प्रकार सीताबर्डी, धरमपेठ भागांतल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. पोहण्याच्या कापडाचा असेल तर अंग किती झाकलेले आहे याचा स्वच्छतेशी काहीही संबंध नाही, आणि कोणी किती झाकावे यावर शेजारच्या लेनमधून शेरा मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. जे चालत नाही ते म्हणजे सलवार-कमीज, सुती लेगिंग आणि ओढणी. त्यामागे मर्यादेचा प्रश्न नाही, ते सरळ धोक्याचे आहे : पाण्यात कमीजचा घेर पायांत गुंडाळला जातो आणि ओढणी गळ्याभोवती किंवा शिडीत अडकू शकते. खरेदी करताना कॉस्च्युम किंचित घट्टच घ्यावा, कारण पाण्यात कापड सैल पडते. दुकानातल्या ट्रायल रूममध्ये दोन्ही हात वर करून आणि एकदा पूर्ण वाकून पाहिले की मापाचा अंदाज येतो.

मासिक पाळीच्या दिवसांत पोहण्यास वैद्यकीय मनाई नसते. मात्र पॅड पाणी शोषून फुगते आणि निकामी होते, म्हणून टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरावा, आणि तो वापरण्याची सवय नसेल तर ते दिवस सोडावेत. याबाबत महिला प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे, कारण हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

टोपीबद्दलचा गैरसमज सार्वत्रिक आहे. केस कोरडे राहावेत म्हणून टोपी असते, असे समजून ती नाकारणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः टोपीत पाणी शिरतेच. तिचे मुख्य काम गळणारे केस तलावात आणि फिल्टरमध्ये जाऊ न देणे हे आहे. कापडी टोपी घालायला सोपी असते, सिलिकॉनची अधिक टिकते आणि लांब केसांना तीच बरी पडते. केस लांब असल्यास आधी सैल अंबाडा बांधावा, पिना लावू नयेत, आणि मग टोपी कपाळाकडून मागे ओढावी. टक्कल असलेल्यांनाही टोपी सक्तीची का, हा वाद अनेक तलावांच्या दारात रंगतो. सुरक्षारक्षकाने प्रत्येकाचे डोके तपासत बसण्यापेक्षा सर्वांना एकच नियम बरा, एवढेच त्याचे उत्तर आहे.

गॉगल स्वतःचा असावा आणि तो मित्राला देऊ नये. काचांवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी लावण्याची जुनी सवय जाणत्या पोहणाऱ्यांतही दिसते. ती लावायचीच असेल तर गॉगल नळाखाली धुवावा, तलावात बुडवून विसळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरणे टाळावे, कारण लेन्सच्या खाली अडकलेल्या पाण्यातील अकांथअमीबासारखे जीव डोळ्याला गंभीर इजा करू शकतात. नंबरचा गॉगल मिळतो, तो घ्यावा.

घरून निघताना

केसांना खोबरेल तेल चोपडून पोहायला गेले की क्लोरीन बाधत नाही, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक आजीकडून मिळतो. डोक्यापुरता तो काही अंशी खरा असला, तरी ते तेल पाण्यावर तवंग धरते, फिल्टरच्या वाळूला चिकटते आणि कडेच्या फरशीवर काळी रेघ उमटवते. त्याऐवजी उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवावेत. आधीच पाणी प्यायलेला केस तलावाचे पाणी कमी शोषतो. अंगाची मालिश, उटणे, पावडर, अत्तर आणि डिओडरंट हे सर्व पोहून आल्यावरसाठी राखावे. उघड्या तलावावर ऊन असताना सनस्क्रीन लावणे मात्र योग्यच आहे. ते उतरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावून अंगात मुरू द्यावे, म्हणजे पाण्यात फार उतरत नाही.

कपाळावरची टिकली घरीच आरशावर लावून निघावे. उन्हाळी बॅच संपल्यावर कडेची जाळी उघडली तर केसांच्या गुंत्यात लाल-काळ्या टिकल्या, एखादा बांगडीचा तुकडा आणि रबरबँड हमखास सापडतात. जोडवी, पैंजण, बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात, कारण त्यांनी स्वतःला व दुसऱ्याला ओरखडे पडतात आणि थंड पाण्यात बोटे आकसून अंगठी गळून जाते. मंगळसूत्र काढणे ज्यांना रुचत नाही, त्यांनी ते आखूड करून पोशाखाच्या आत नीट बसवावे. जानवे, करगोटा, मनगटावरचा गंडा अशा दोऱ्यांनाही हेच लागू आहे. महिनोन्महिने बांधलेला, मळलेला सुती दोरा निदान साबणाने धुऊन मगच पाण्यात न्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

धुळवडीनंतरच्या आठवड्याबद्दल वेगळे सांगावे लागते. कानामागे आणि नखांत राहिलेला पक्का रंग तलावात सुटतो, म्हणून तो पूर्ण निघेपर्यंत पोहणे पुढे ढकलावे.

आणि खर्रा. तोंडात खर्रा किंवा सुपारी धरून तलावाच्या आवारात येऊ नये, आल्यास आधी कचरापेटी आणि मग चूळ, हा क्रम पाळावा. पाण्यात खोकला किंवा ठसका लागला तर तोंडातले सारे बाहेर येते, आणि ते पाणी पुढच्या माणसाच्या नाकातोंडात जाते. पोटभर तर्री पोहे खाऊन तासाभरात पाण्यात उतरणाऱ्यालाही मळमळ होण्याची शक्यता असतेच.

आंघोळ, आणि ती साबणाने

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘आत्ताच घरून आंघोळ करून आलो’ हे कारण मे महिन्यात तरी टिकत नाही, कारण प्रतापनगरहून अंबाझरीपर्यंत दुचाकीवर येईतो माणूस पुन्हा घामाने भिजलेला असतो. कपडे बदलल्यानंतर, तलावात उतरण्याच्या अगदी आधी शॉवरखाली उभे राहावे. निव्वळ एक मिनिट अंगावर पाणी घेतले तरी घाम, माती आणि बरीचशी घाण निघून जाते. साबण लावला तर उत्तमच, आणि तो काखा, जांघा, पायांची बोटे व मागची बाजू येथे लावावा. माणसाच्या अंगावर कितीही स्वच्छ राहिले तरी विष्ठेचा सूक्ष्म अंश असतोच. संकोचामुळे हे कोणी बोलत नाही, परंतु पाण्यातून पसरणारे पोटाचे आजार नेमके तेथूनच येतात. आइसलँडमध्ये तर तलावापूर्वी पोशाख न घालता साबणाने आंघोळ करणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तसा आग्रह शक्य नाही, पण दार लावून घेता येणारे स्नानगृह असेल तर पोशाख चढवण्याआधीच आंघोळ उरकावी.

आंघोळीपूर्वी शौचालयात जाऊन यावे. पाण्यात लघवी करणे ‘क्लोरीन आहे ना’ म्हणून खपवून घेणारे मोठे लोकही असतात. क्लोरामाइन कोठून येतात, हे वर आलेच आहे.

कपडे बदलण्याच्या खोलीत पंचा किंवा टॉवेल गुंडाळून बदलावे, बाकावर ओले कपडे पसरू नयेत आणि मोबाइल पिशवीतच राहू द्यावा. तेथे रील किंवा सेल्फी काढणे हा शिष्टाचारभंग तर आहेच, शिवाय मागे कोणी कपडे बदलताना टिपले गेले तर तो गुन्हाही ठरू शकतो. बाहेरच्या चपला बाहेरच ठेवून वेगळ्या रबरी चपला वापराव्यात आणि तलावाच्या तोंडाशी पाय धुण्याचा उथळ हौद असतो, त्यावरून उडी मारून न जाता त्यातून चालत जावे.

पाण्यात असताना

नाक शिंकरणे आणि थुंकणे यांसाठी कडेची नाली आहे, असे जुन्या पोहणाऱ्यांकडून शिकवले जाते. अनेक तलावांत त्या नालीतले पाणी साठवण टाकीत जाऊन पुन्हा फिल्टरमार्गे तलावातच येते. म्हणून नालीत थुंकणे आणि तलावात थुंकणे यांत फारसा फरक नाही. त्यासाठी बाहेर येऊन बेसिन गाठावे. पाणी गिळू नये आणि कारंज्यासारखे तोंडातून उडवूही नये. च्युइंगम, चिप्सचे पाकीट, काचेची बाटली यांपैकी काहीही कडेला आणू नये. एकदा फुटलेली काच पाण्यात दिसत नाही आणि पुष्कळदा सारा तलाव रिकामा करण्यावाचून गत्यंतर नसते.

लहान मुले

मुलांना दर तासाला बाहेर काढून शौचालयात न्यावे. त्यांना विचारले तर ती नेहमी ‘नाही’च म्हणतात, म्हणून विचारू नये, न्यावे. नेहमीचा डायपर पाण्यात फुगून फाटतो. पोहण्याचा डायपर घट्ट विष्ठा काही वेळ अडवतो, पण जुलाब मुळीच अडवत नाही, आणि तो बदलायचा तो काठावर नव्हे, आतल्या खोलीत.

मुलाकडून पाण्यात शी झालीच, तर आई-वडिलांनी लाजेपोटी गुपचूप निघून जाऊ नये. ताबडतोब जीवरक्षकाला सांगावे. घट्ट असेल तर ती काढून, क्लोरीन २ पीपीएमवर राखून साधारण २५ ते ३० मिनिटे तलाव बंद ठेवल्यास काम भागते. जुलाब असेल तर क्लोरीन २० पीपीएमपर्यंत वाढवून जवळपास १३ तास, आणि पाण्यात क्लोरीन टिकवणारे रसायन असल्यास त्याहूनही बराच अधिक काळ, कोणालाही उतरू देता येत नाही. वेळेत सांगितले तर एक दिवस जातो, न सांगितल्यास अख्खी बॅच आजारी पडू शकते.

बाहेर आल्यावर

पुन्हा साबणाने आंघोळ करावी. मान दोन्ही बाजूंना कलती करून कानातले पाणी निथळू द्यावे आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपावे. कानात काडी घालू नये, तिने कातडी खरवडली जाऊन दाह वाढतो. पायांच्या बोटांमधल्या जागा कोरड्या कराव्यात. टॉवेल घरातल्या माणसांतही वेगवेगळा असावा.

पोशाख साध्या पाण्यात दोन-तीनदा विसळून, न पिळता दाबून सावलीत वाळत घालावा. नागपूरच्या उन्हात तो दहा मिनिटांत वाळेल, पण त्याच उन्हाने त्यातला ताणणारा धागा महिन्याभरात सैल पडेल. ओला कॉस्च्युम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिक्कीत विसरला, तर संध्याकाळी त्याचा वासच आठवण करून देतो. कापड मागच्या बाजूला विरळ दिसू लागले की तो बदलावा. हे घालणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा घरच्या कोणाला तरी उजेडात धरून पाहायला सांगावे.

गृहसंकुलातला तलाव

येथे तिकीट खिडकी नसते, जीवरक्षक असेलच असे नाही, आणि शेजाऱ्याला टोकणे अवघड जाते. म्हणून नियमांचा फलक शॉवरच्याच भिंतीवर लावून घ्यावा आणि क्लोरीन व सामूची रोजची नोंद त्याखाली लिहिण्यास देखभाल करणाऱ्याला सांगावे. चाचणीच्या पट्ट्या स्वस्त असतात, त्या वापरून आपणही अधूनमधून पडताळावे. काठावर उभे राहून सर्वांत खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी कोणीच उतरू नये. उन्हाळी सुटीत भंडारा, वर्धा, यवतमाळहून आलेली भाचरे थेट गाडीतून उतरून तलावाकडे धाव घेतात. त्यांच्यासाठी मापाच्या दोन-तीन टोप्या आणि चड्ड्या आधीच घेऊन ठेवाव्यात, आणि खाली नेण्यापूर्वी त्यांना घरच्याच न्हाणीघरातून काढावे.